पांढऱ्या मक्यात पिवळे दाणे

चुलीवर धुरात टांगलेली बियाण्याची कणसं आज सोलली, तर पांढऱ्या दाण्यांत मध्येमध्ये पिवळे दाणे. सासूबाईंपासून जपलेला पांढरा मका हो हा, आणि आता एकही कणीस निर्भेळ नाही. धाकट्या जावेनं, मंगलनं, शेजारच्या वावरात पिवळा लावला, दोघींच्या मक्याला तुरे एकदमच आले, अन् तिकडचा पराग वाऱ्यानं माझ्या कणसांवर. तिला दाखवलं तर म्हणते, "वाऱ्याला मी कुंपण घालू का, अक्का?"

बी राखायचं म्हणजे डब्याचं झाकण घट्ट लावायचं, असंच मी जन्मभर समजत आले. झाकणाआधीच सगळं होऊन गेलेलं असतं.

पांढरे दाणे निवडता निवडता म्हटलं, "यंदा मी महिनाभर आधी पेरणार."

"बरं झालं सांगितलंत," मंगल म्हणाली, "मीही तेव्हाच पेरते, तेवढीच सोबत."