कॉम्प्युटरच्या पाटीवरची सरस्वती

गेल्या शुक्रवारी आमच्या अंधेरीच्या कारखान्यात जे झालं, ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही!

आम्ही पाण्याचे पंप बनवतो, मी स्टोअर्स सांभाळतो. यंदा साहेबांनी कॉम्प्युटर घेतला... त्याला स्वतंत्र एसी खोली, दारात चपला काढून आत जायचं, अगदी देवळासारखं. चालवते नलिनी. नवरा गेल्यावर त्याच्या जागी पॅकिंगला लागली होती, हट्टानं क्लास करून या खुर्चीपर्यंत आली.

दसऱ्याला मशीनची पूजा मीच केली. मशीन बसवून देणारा इंजिनीयर देशपांडे मोठा हौशी. लहानपणी आपण पाटीवर एकाच्या आकड्यांनी सरस्वती काढायचो ना, तशी त्यानं पडद्यावर उमटवली! त्यानं करून दिलेल्या फ्लॉपीनं मशीन सुरू झालं की आधी सरस्वती, आणि कामाच्या मध्ये कधीही एक बटण दाबलं की पुन्हा दर्शन. आम्ही सगळे हरखून गेलो.

दिवाळीनंतर मात्र वाट लागली. नलिनी सुट्या भागांची यादी टाइप करत होती. यादी वाढत वाढत वॉशरपाशी आली की 'मेमरी संपली' असं यायचं आणि मशीन गोठायचं. कुठलंही बटण दाबा... ढिम्म! बंद करून पुन्हा सुरू केलं, तरी वॉशरपाशी तेच.

पॅकिंगचे परबमामा दारातून म्हणाले, "नलिने, मशीनाक तुझी नजर लागली काय गो?"

"माझी नजर लागत असती ना मामा, तर आधी तुमच्या जिभेला लागली असती!"

सगळे हसले, साहेब नाही. शनिवारी यादी छापून हातात हवी, नाहीतर नलिनी परत पॅकिंगला आणि तिच्या खुर्चीवर दुसरा ऑपरेटर... त्यांनी स्पष्टच सांगितलं.

शुक्रवारी दुपारी तिनं डबासुद्धा उघडला नव्हता. "काका, देशपांडे म्हणतो, याच्या दुप्पट यादी मावेल. मग जागा खातंय कोण?"

मी म्हटलं, "मशीन आल्यानंतर आपण त्यात नवीन काय घातलं?"

दोघांनीही पडद्याकडे पाहिलं... आणि नलिनी कपाटाकडे धावली.

मशीनबरोबर आलेली मूळ फ्लॉपी कपाटात होती. ती घालून मशीन सुरू केलं, तर मोकळ्या मेमरीचा आकडा केवढा तरी मोठा! म्हणजे सरस्वती पडद्यावरून जात होती, मेमरीतून नाही. आम्ही बटण दाबू तेव्हा दर्शन द्यायचं म्हणून दिवसभर तिथेच बसून होती.

सापडलं! पण नलिनीचा चेहरा पडला. "देवीला काढायचं? नको हो काका. आज नजर म्हणतायत, उद्या शाप म्हणतील."

मला गावची शाळा आठवली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पाटीवरची सरस्वती पुसायला माझाही हात धजत नव्हता. गुरुजी शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "नमस्कार कर आणि पूस. तुझं अक्षर बघायला तिला पाटी कोरीच लागते रे."

"नलिनी, रोज सकाळी देवीच्या फ्लॉपीनं सुरू कर, नमस्कार कर. मग ती काढून मूळ फ्लॉपी घाल आणि मशीन नव्यानं सुरू कर. पाटी पुसायची गं... देवी नाही."

तिनं देवीच्या फ्लॉपीला हात जोडले, ती कपाटात ठेवली आणि यादी उघडून पुढे टाइप करू लागली. माझं मनात नामस्मरण चालू... वॉशर गेला! व्हील गेलं! वायरसुद्धा गेली! या वयात मी चक्क टाळ्या पिटल्या. प्रिंटरची करकर ऐकून परबमामा धावत आत आले.

"मामा, चपला!" नलिनी केवढ्यानं तरी ओरडली. परबमामा निमूट बाहेर गेले, चपला काढून परत आले आणि लांबच लांब कागदाचं टोक धरून उभे राहिले.

शनिवारी यादी साहेबांच्या टेबलावर होती. नलिनी आपल्या खुर्चीवरच आहे.

आज सकाळी मी मुद्दाम डोकावलो. पडद्यावर सरस्वती होती. नलिनीनं हात जोडले, फ्लॉपी बदलली आणि मशीन पुन्हा सुरू करायची बटणं दाबताना हळूच म्हणाली, "उद्या ये हं परत."

संध्याकाळी देवापुढे बसलो की माझ्याही डोक्यात दिवसभराचं काहीबाही ठाण मांडून असतं... आता त्यालाही नमस्कार करून पुसायला शिकतोय. गुरुजी, तुमची पाटी अजून उपयोगी पडतेय!