चन्नवीरचं पळणं

चन्नवीर पळायला लागला तेव्हा घरात सगळ्यात जास्त राग कमलम्माला आला. कमलम्मा त्याची थोरली भावजय. तिचा नवरा ईरप्पा दुकानाच्या गादीवर बसल्या बसल्याच गेला होता, चाळिशीही न गाठता. सोलापुरात मंगळवार पेठेत त्या दोघा भावांचं सुतळी-दोरखंडाचं दुकान. थोरला गेल्यावर चन्नवीर एकटाच गादी सांभाळू लागला आणि बसून बसून भावासारखाच सुटला. माडीचा जिना चढताना अर्ध्यातच भिंतीला हात टेकून उभा राही. कमलम्मा खालून बघायची आणि तिच्या हातातलं काम थांबायचं.

डॉक्टरांनी रक्तदाब बघून चालायला सांगितलं. चन्नवीर सिद्धेश्वर तळ्याच्या कडेनं रोज पहाटे चालू लागला. चालण्याचं पळणं कधी झालं, ते त्यालाही सांगता आलं नसतं. शहात्तर सालच्या पावसाळ्यानंतर मात्र तो कॅनव्हासचे बूट आणि हाफ पँट घालून थेट अक्कलकोट रस्त्याला लागायचा. पेठेतला व्यापारी माणूस उघड्या पोटऱ्यांनी पळताना बघून लोक हसत. कुणी विचारी, "शेट, मागं कोन लागलंय?"

एके दिवशी तो धापा टाकत दारात आला. कमलम्मा उंबऱ्यातच उभी होती.

"भावजी, हे आता बंद करा."

"दादा बसूनच गेला की, वैनी," तो घाम पुसत म्हणाला. "मला बसायचीच भीती वाटती."

चन्नवीरची बायको दाक्षायणी आतून भाकरीच्या पिठानं भरलेल्या हातानं बाहेर आली आणि दाराशी उभी राहून ऐकू लागली.

"त्यांच्या छातीत चार दिवस दुखत हुतं," कमलम्मा म्हणाली. "मला बोलले न्हाईत. वैद्याकडनं चूर्ण आणून गपचूप खात हुते. ते गेल्यावर कळलं मला. तुमी पळा. पर दुखलं तर सांगायचं. लपवायचं न्हाय."

चन्नवीरनं मान हलवली. तो किती मनापासून हलवतोय, हे तिला कळलं नाही.

हिवाळ्यात तो अंगानं उतरला. सदरे ढगळ झाले, जिना एका दमात चढू लागला. डॉक्टर खूश होते. कमलम्माचा जीव मात्र तो परत येईपर्यंत थाऱ्यावर नसायचा. त्यातच वळसंगच्या जत्रेचे दिवस आले. वळसंग हे अक्कलकोट रस्त्यावरचं त्यांचं मूळ गाव. तिथल्या तिप्पण्णाकाकाला चन्नवीरनं बोलता बोलता सांगून टाकलं, की यंदा मी पळत येतो. काकानं ती गोष्ट गावभर केली. वेशीत हार घेऊन थांबणार म्हणे सगळे.

दाक्षायणी मुलांना घेऊन आदल्या दिवशीच एसटीनं गेली. कमलम्मा गेली नाही. तिनं येडू टांगेवाल्याला सांगून ठेवलं होतं. उजाडताना चन्नवीर निघाला, तेव्हा टांगा त्याच्या मागं होता.

"वैनी, हे काय?"

"तुमी पळा की. मी रस्ता बघत येते."

दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. घोड्याच्या टापा आणि त्याच्या बुटांचा आवाज एवढंच ऐकू येत होतं. कुंभारी मागं पडली. ऊन चढलं. कमलम्माची नजर त्याच्या पाठीवरून हलत नव्हती. पाठीत काही बदललं की तिला कळणार होतं, आणि कळलं. त्याचा डावा हात लोंबल्यासारखा झाला. पाय पडत होते, पण आता ते जड पडत होते.

"भावजी, काय हुतंय?"

"काय न्हाय."

टांगा बरोबरीला आला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि कानामागून घाम ओघळत होता. पुढं वळसंगात माणसं हार घेऊन थांबलेली. तो आणखी थोडा चालला. मग उभा राहिला, वाकला आणि खाली बघतच म्हणाला, "वैनी, दुखतंय."

ती टांग्यातून कशी उतरली, तिचं तिला कळलं नाही. त्याला बाभळीच्या सावलीत टेकवलं. घोडं दमलेलं, टांग्यानं सोलापूर गाठायला वेळ लागला असता. तेवढ्यात अक्कलकोटकडून एसटीचा आवाज आला. कमलम्मा जाऊन रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. गाडी करकचून थांबली.

"हितं स्टॉप न्हाय, बाई," कंडक्टर ओरडला.

"ठावं हाय. माणूस हाय झाडाखाली. त्याला उचला."

दोघातिघांनी उचलून त्याला मागच्या बाकावर आडवं केलं. येडूला ती म्हणाली, "वळसंगला जाऊन दाक्षायणीला सांग, दवाखान्यात नेलंय. दुसरं कायबी सांगू नगं." गाडी निघाली. चन्नवीरचे डोळे मिटत होते. ती त्याचा हात घट्ट धरून बोलत राहिली, काही मराठीत, काही कानडीत, आणि त्यानं हूं म्हटलं नाही की पुन्हा विचारायची. ड्रायव्हरनं स्टँडवर न जाता गाडी सरळ दवाखान्याच्या फाटकात घातली.

दाक्षायणी दुपारी आली, धुळीनं माखलेली. व्हरांड्यात कमलम्मा भिंतीला टेकून बसली होती.

"अक्का, तुमी थांबवलं त्यांना?"

"न्हाय. त्यांनीच सांगितलं."

डॉक्टर म्हणाले, झटका आहे, पण निभावेल. पळण्यानं झालं असंही मी म्हणणार नाही, पळण्यानं वाचला असंही नाही. लवकर आणलंत म्हणून वाचला.

चन्नवीर बरेच महिने घरात होता. तेवढ्या काळात दुकान बंद पडायची वेळ आली, तेव्हा कमलम्माच गादीवर जाऊन बसली. पेठेत कुजबूज झाली, गिऱ्हाइकं आधी बिचकली, मग सरावली. पुढं डॉक्टरांनी चन्नवीरला आधी चालायला आणि मग अगदी हळू पळायला परवानगी दिली. तो तळ्याभोवतीच पळायचा. वळसंगला जत्रेला एसटीनं जायचा. तिप्पण्णाकाका चिडवायचा, "काय रं, हार सुकला की." तोही हसायचा.

कमलम्मा गादी सोडून पुन्हा घरात बसली नाही. सकाळचं दुकान तिचंच झालं. चन्नवीर पळून, न्हाऊन दुकानात आला की ती गादीवरून उठायची, पण उठण्याआधी एकदा त्याचा चेहरा नीट बघून घ्यायची.