सवतीची किणकिण

माझी सवत मी या घरात यायच्या वर्षभर आधी वारली होती, तरी ती माझ्याबरोबर वांगी तोडायला यायची.

इंग्रज अजून जायचे होते, तेव्हाची ही गोष्ट. दिवाळीला माहेरी जाऊन आले आणि हे सुरू झालं. मंगरूळच्या बाजारासाठी आदल्या दिवशी उन्हं कलली की मी टोपलं घेऊन मळ्यात जायची. मोट सुटलेली, विहिरीवर चिटपाखरू नाही, पानसुद्धा हलत नाही. वांग्याला वाकले की किणकिण! उभी राहून कान दिला की चिडीचूप. पुन्हा वाकले की पुन्हा किणकिण, तीही अगदी मानेशी! (वांग्याचे काटे टोचायचेही विसरले होते.)

सासूबाईंना सांगितलं. त्यांनी जातं थांबवून चौकशी केली.

"टणटण का?"

"नाई जी, आत्याबाई."

"टणटण असंन तं देवळातली घंटा. खुळखुळ असंन तं बैलाची घुंगरमाळ."

"किणकिण हाय जी. बारीक."

सासूबाईंचा चेहरा उतरला. "मंग गिरजाच! तिच्या पैंजणाले बारकी घुंगरं होती. किणकिण म्हंजे तेच, दुसरं काई नाई!"

झालं! एका शब्दावर माझा निकाल लागला. नवरा चांगला होता, घर आवडलं होतं. पण पहिलीलाच मी नको असेन तर राहू कशी? रडत रडत मी इंझोरीला, माहेरी जायला बोचकं बांधलं.

"पयले वांगे तोड, मंग जाजो," सासूबाई म्हणाल्या. "उद्या बाजार हाय. चाल, मीबी हाय संगं."

मी वाकले. किणकिण! सासूबाईंनी टोपलं टाकून धूम ठोकली. मागोमाग मी. किणकिणकिणकिण!

"मांगं येऊ नको वो! तिले घेऊन येऊन राह्यली तू!"

कुंपणाच्या बोरीत त्यांचं लुगडं अडकलं आणि मी जाऊन त्यांच्यावर आदळले. आमच्या दोघींच्या मधोमध आवाज झाला, किण!

सासूबाईंनी माझा गळा चाचपला, तर हाताला टाक लागला. दुसरेपणावर आलेल्या सुनेला घालतात तसा गिरजाच्या नावाचा चांदीचा टाक त्यांनीच लग्नात माझ्या गळ्यात घातला होता. दिवाळीला आईने त्यावर चांदीची सरी, गळ्यातलं जाड कडं, चढवली. घरात पदराखाली दबलेला टाक मळ्यात पदर खोचला की मोकळा सुटायचा, आणि वाकलं की सरीवर आपटायचा.

"आता जातं का माहेरी?" सासूबाईंनी धापा टाकत विचारलं.

काय जाणार, कपाळ! जिच्या भीतीने पळणार होते, तिला गळ्यात घालूनच निघाले होते. इंझोरीला माझ्याआधी तीच पोचली असती!