आभारांना कामाला लावणाऱ्या काकू

आमच्या शेजारच्या काकूंना आभारांचा जेवढा तिटकारा होता, तेवढा साऱ्या जुन्नर तालुक्यात दुसऱ्या कोणाला असेल, असे मला वाटत नाही. हे विधान मी जबाबदारीने करते. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत दिवस काढणाऱ्या मुलीला पुराव्यावाचून बोलण्याची सवय नसते. काकूंचा एकुलता एक मुलगा सीमेवर कामी आला आणि डिंगोऱ्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरावर कृतज्ञतेचा जो लोंढा आला, तो ओसरता ओसरेना. पुढारी आले, तरुण मंडळे आली, पतसंस्था आल्या. प्रत्येकाच्या हातात शाल आणि नारळ, मागे फोटो काढणारा. काकूंनी या लोंढ्याची निमूटपणे व्यवस्था लावली. शाली गोठ्यात गेल्या. डोंगराकडून गार वारा सुटला की काकूंची वासरे जिल्ह्यातली सर्वाधिक सन्मानित वासरे म्हणून दिमाखात उभी राहत. नारळांची चटणी झाली. सन्मानचिन्हांपैकी जड होती ती लोणच्याच्या बरणीवर बसली आणि चपटी होती ती खुराड्याच्या दाराला टेकण म्हणून लागली.

आलेल्या माणसांचीही सुटका नसे. काकू आधी पाणी देत, मग काम. पांढऱ्याशुभ्र कपड्यांतल्या एका पुढाऱ्याने हात जोडून, "माई, सारा तालुका तुमचा ऋणी आहे," असे म्हणताच काकू उठल्या. "तालुक्याचं ऱ्हाऊ द्या, भाऊ. तुमी आलाच हाये तं ही गाय धरा. लई लाथा मारती, धार काढू देत न्हाई." पुढाऱ्याने गाय धरली. तो फोटो मात्र कुठल्याही फलकावर झळकला नाही. एका मंडळाच्या पोरांनी "वीरमाता की जय" अशी आरोळी ठोकली, तेव्हा त्यांच्या हाती खुरपी देऊन काकूंनी कांद्याची आख्खी खुरपणी उरकून घेतली. "घसा चांगला हाये तुमचा," त्या बांधावरून म्हणाल्या, "आता हात बघू."

हे सारे विनोदी होते. पण त्यांच्या सुनेकडे पाहिले की हसू मावळत असे. ती माझ्याच वयाची. मी पुण्यात संशोधनासाठी धडपडत होते आणि तिला गावाने जिवंतपणी पुतळा करून ठेवले होते. तिने कोणत्या रंगाचे नेसावे, कोणाशी किती वेळ बोलावे, यावर साऱ्या गावाची नजर असे आणि या नजरेला गाव आदर म्हणत असे. ती जुन्नरला शिवणकाम शिकवायला जाई. तिथे ओळख झालेल्या निरगुडसरच्या एका शिक्षकाने तिला मागणी घातली, तेव्हा नकार द्यायचे ठरवूनच ती सासूजवळ बोलली. काकूंनी एकच प्रश्न विचारला, "तुला आवडतो का?" ती रडू लागली. काकूंना तेवढे उत्तर पुरले.

बातमी फुटताच गावातली चार वजनदार माणसे ओट्यावर येऊन बसली. सुट्टीला गावी आलेली मी तिथेच होते.

"काकू, वीरपत्नीचं लगीन लावता? गावाची मान खाली जाईल, राव."

"गावाची मान एवढी नाजूक हाये, तं ती माझ्या सुनंच्या खांद्यावर कशाला ठिवली? आपापल्या घरी न्या."

"पण हुतात्म्याचा अपमान व्हतो हो."

"त्याला मी जन्म दिलाय," काकू म्हणाल्या. "त्याचा अपमान कशानं व्हतो, ते मला इचारा."

त्या दिवशी कोणालाही कामाला लावले गेले नाही. पाणीही विचारले गेले नाही.

मग काकूंनी अंगणात मांडव घातला, अक्षता घेऊन स्वतः घरोघरी गेल्या आणि प्रत्येक उंबऱ्यावर "येतो की" हे उत्तर गोळा करून आल्या. मसालेभात साऱ्या गावाला पुरेल एवढा शिजला. लग्नाला आम्ही शेजारी होतो, पाच-सहा बाया होत्या, जुन्नरचे मांडववाले चाचा होते आणि काकूंच्या मुलाच्या तुकडीतले, सुट्टीवर आलेले दोन जवान होते. त्या दोघांनी सकाळपासून पाणी भरले, पंगत वाढली, भांडी घासली. भाषण कोणी केले नाही. सुनेच्या माहेरचे कोणी फिरकले नाही. आईच्या जागी सासू उभी राहिली. ज्यांचे घसे अंत्ययात्रेत घोषणांनी बसले होते, त्या सर्वांना नेमके लग्नाच्याच दिवशी तालुक्याला काम निघाले होते.

उरलेला भात काकूंनी डब्यांत भरून न आलेल्या प्रत्येक घरी पाठवला. डबे मुकाट्याने घेतले गेले, बहुतेक ठिकाणी मागच्या दाराने. कृतज्ञतेविषयी माझा जो काही सिद्धांत आहे, तो त्या दुपारी पुरा झाला.

संध्याकाळी मांडव उतरला. काकू उंबऱ्यावर बसल्या होत्या. "लेकराला निरोप द्यायला सारं गाव व्हतं गं," त्या माझ्याकडे न पाहता म्हणाल्या. "लेकीला वाटंला लावताना चार माणसं जास्त आली असती, तं काय बिघडलं असतं?" तेवढ्यात निरगुडसरहून फोन आला. पोचलीस का, जेवलीस का, एवढेच काकूंनी विचारले आणि मग नुसते ऐकत राहिल्या.

"हसली ती," त्या हळूच मला म्हणाल्या. "कुणीतरी काहीतरी बोललं तिकडं, आणि मोठ्यानं हसली."

फोन केव्हाच बंद झाला होता. काकूंनी तो कानाशी तसाच धरून ठेवला होता.