तलावाच्या पाळीवर मला धावायला लावणारी माझी सासू

मामींना मी मारलं, असं कोणी म्हणत नाही.

मीच म्हणते.

मामी म्हणजे माझी सासू. आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं. वर्षभर काही लिहिलं नाही, आज लिहिते.

निमलष्करी दलाच्या भरतीत माझं नाव लागलं तेव्हा मला सातवा महिना होता. मेडिकलमध्ये शेरा मिळाला, टेम्पररी अनफिट. बाळंतपण झाल्यावर परत या म्हणाले.

परी झाली. सिझर झालं. नंतरच्या मेडिकलमध्ये पास झाले आणि ट्रेनिंगचं पत्र आलं.

हातात चार महिने. आणि मला घरातल्या घरात पाण्याची बादली उचलता येत नव्हती.

माझा नवरा प्रशांत नागपूरला कंपनीत, शिफ्ट ड्युटी. माझी आई मी शाळेत असतानाच गेली. सगळे म्हणाले, राहू दे आता, लेकरू सांभाळ.

मामी म्हणाल्या, "पोरगी मी पाहतो. तू धाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला त्यांनीच मला उठवलं. सानगडीच्या बाजूला आमचं गाव, गावाबाहेर तलाव. त्याच्या पाळीवर, मातीच्या उंच भरावावर, इतकं धुकं की पाच पावलांवरचं दिसत नव्हतं. परीला शालीत गुंडाळून मामी कडेवर घेऊन उभ्या.

पहिल्या दिवशी सोळाशे मीटरला चौदा मिनिटं लागली. भरतीत तेच मी साडेआठच्या आत केलं होतं. मी पाळीवरच बसून रडले.

"रडनं झालं का? मंग अजून एक चक्कर मार."

त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मोबाईलचं स्टॉपवॉच मात्र दोन दिवसांत शिकल्या.

गावात चर्चा सुरू झाली. सून ट्रॅकपँट घालून धावते, सासू लेकरू घेऊन मागे उभी राहते. हापशीवर एकीनं तोंडावर विचारलं तेव्हा मामी म्हणाल्या, "काहून वं, लुगडं नेसून बंदूक चालवन का थे?"

मामी अंड्याला हात लावत नव्हत्या. माझ्यासाठी अंगणात वेगळी चूल मांडली आणि रोज दोन अंडी उकडली. नाकाला पदर लावून सोलायच्या.

महिनाभरानं पाठीवर तांदळाची बॅग आली. आधी पाच किलो, मग दहा. दूध उतरून टी-शर्ट ओला व्हायचा, मी अर्ध्यात थांबून परीला पाजायची आणि पुन्हा धावायची.

मग एक दिवस मामींनी पाजणंही बंद केलं. "वाटी-चमच्याची सवय लाव. पोरगी आता माह्याजवळ झोपन. तू गेल्यावर रडून रडून मरन नाही त थे."

परी पाच-सहा रात्री रडली. मग रडायची थांबली. भिंतीपलीकडे मी जागी असायचे.

माझा दम टिकू लागला होता. साडेनऊ मिनिटं. नऊ. मी खूश होते.

मामी पाळ चढताना थांबायला लागल्या होत्या, हे मी बघितलं होतं. हो, बघितलं होतं. एकदा विचारलंही.

"म्हातारी झालो ना वं," म्हणाल्या. "तू मागं पाहू नको."

मी मागं पाहिलं नाही.

त्या सकाळी मी आठ मिनिटं वीस सेकंदांत आले. मामींनी आकडा मला दाखवला, हसल्या. परत येताना धानाच्या बांधावर थांबल्या आणि म्हणाल्या, "पोरीले धर जरा."

चार महिन्यांत त्यांनी कधी असं म्हटलं नव्हतं.

त्या बांधावर बसल्या. मग आडव्या झाल्या. मी हाका मारत राहिले. शेजारच्या शेतातले लोक धावत आले, गाडीत घालून साकोलीला नेलं. डॉक्टरांनी हात लावला आणि मान हलवली.

मृत्यूच्या दाखल्यासाठी मी मामींचं आधार कार्ड शोधत होते. त्यांच्या पेटीत, साड्यांखाली, साकोलीच्या एका डॉक्टरची चिठ्ठी सापडली. दीड महिना आधीची. हृदयाची तपासणी लगेच करा, भंडाऱ्याला मोठ्या दवाखान्यात जा, असं लिहिलेलं.

शेजारच्या शोभाकाकू तेव्हा त्यांच्यासोबत गेल्या होत्या. मी चिठ्ठी त्यांच्यासमोर धरली. त्या खाली बघत म्हणाल्या, "मले शपथ घातली होती. म्हणे, सुनेले सांगशील त थे थांबन. थे गेली का मंग जातो दवाखान्यात."

माझ्या रिपोर्टिंगच्या दिवशी मामींची तेरवी होती.

मुदत वाढवून मागितली. उत्तर आलं नाही. प्रशांत म्हणाला, "तू जाय. मी नोकरी सोडतो, परीले पाहतो."

मी गेले नाही. नवऱ्यानं अडवलं असं गावात बोलतात, म्हणून इथे स्पष्ट लिहिते. मला कोणी अडवलं नाही. परी दिवसभर दाराकडे बघून मामींसाठी रडायची. मी उचललं की अंग ताठ करायची. माझ्याकडे यायलाच तयार नव्हती. तिला तशी सवय आम्हीच लावली होती. तिला तसं टाकून माझा पाय निघाला नाही.

तेरवीच्या पंगतीनंतर शोभाकाकूंनी विचारलं, "तू गेलीच नाहीस?"

"नाही."

"मंग बाईचा जीव फुकटच गेला का वं?"

त्यांनी रागानं विचारलं नव्हतं. त्यांना खरंच कळत नव्हतं. मलाही अजून कळलेलं नाही.

लोक म्हणतात मामी अचानक गेल्या. त्या अचानक गेल्या नाहीत. दीड महिना रोज माझ्या डोळ्यांसमोर जात होत्या.

मामी, फुलं वाहायला मन होत नाही. जे झालं ते सगळ्यांना खरं सांगितलं, एवढीच माझी श्रद्धांजली.

येतो, मामी.