मीटरवरचा रुमाल

जुनी गाडी पाहायला गेला की हा गृहस्थ आधी खिशातून चुरगळलेला रुमाल काढायचा आणि किलोमीटरचे आकडे दाखवणाऱ्या मीटरवर टाकायचा. मग मालकाकडे वळून विचारायचा, "अब बताइए, कितनी चली है?"

मालक चाळीस हजार म्हणाला की हा हसायचा. ते हसणं असं, की भल्या माणसाला स्वतःच्या नावाबद्दलही शंका यावी. "मीटरचं काय घेऊन बसले, डॉक्टरसाहेब," तो मला सांगायचा, "लाख झाले की पुन्हा शून्यावर येते ते. पेडल पाहा, पेडल." क्लचच्या पेडलचं रबर खरोखरच गुळगुळीत झालेलं असायचं. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडताच खाली लोंबायचं. "भंगार," असा निकाल मिळायचा, आणि आम्ही आपापल्या सायकलींवर टांग मारून परत यायचो.

माणूस नागपूरचा, लखनऊला ऑडिटच्या ऑफिसात. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढण्याबद्दल सरकार त्याला पगार द्यायचं आणि उरलेल्या वेळात तेच काम तो फुकट करायचा. तरुणपणी मामाच्या गॅरेजात हात काळे केले होते, तेवढ्या भांडवलावर निशातगंजातल्या आम्हा मराठी कुटुंबांचा तो गाडीतज्ज्ञ झाला. सत्तरच्या दशकात नवी गाडी म्हणजे नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहणं. आमच्यासारख्यांची मदार भरपूर पळालेल्या जुन्या गाड्यांवर. तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. नाकाने कांदे सोलतो, आणि तरी त्याला विचारल्याशिवाय आपलं पाऊल पुढे पडत नाही. त्याच्या सल्ल्याने आमच्यातलं कुणी फसलं नाही, हे खरं. कारण त्याच्या सल्ल्याने आमच्यातल्या कुणी गाडी घेतलीच नाही.

त्याचा खरा राग एका शब्दावर होता. लखनऊचा विकणारा किंमत सांगत नाही. तो चहा देतो, पान देतो, घरच्यांची खुशाली विचारतो आणि म्हणतो, "आप ही की गाड़ी है साहब, जो मुनासिब समझें." मुनासिब म्हणजे वाजवी, योग्य ते. हे ऐकलं की आमचा गृहस्थ पेटायचा. "मुनासिब म्हणजे काय बाप्पा? भाव सांगा ना सरळ!" आणि मग स्वतःच असा भाव सांगायचा, की तेवढ्यात स्कूटरही आली नसती.

माझा जीव एका राखाडी अँबॅसिडरवर जडला होता. छावनीजवळ राहणाऱ्या एका म्हाताऱ्या वकीलसाहेबांची ती गाडी. याने मीटरवर रुमाल टाकला, पेडलं दाबली, स्टिअरिंग हलवून पाहिलं. "हॉर्न सोडून सारं वाजून राहिलं हिचं," तो म्हणाला. फार मागे लागल्यावर वकीलसाहेबांनी आकडा सांगितला. याने त्याचा बरोबर अर्धा सांगितला. वकीलसाहेब अदबीने उठून उभे राहिले. "आपको देर हो रही होगी," म्हणाले. लखनऊमध्ये याहून वाईट शिवी नाही. मी याच्यावर इतका चिडलो की वाटेत त्याच्याशी चकार शब्द बोललो नाही. त्याला ते कळलंच नाही. तो घरापर्यंत त्या गाडीच्या खोडी सांगत होता.

त्याच्या घरी वहिनी मात्र हसऱ्या. "यांनी आयुष्यात खोट न काढता एकच वस्तू आणली," त्या म्हणायच्या, "ती म्हणजे मी. तीही सासूबाईंनी पसंत केलेली." तो पेपरातून मान वर करायचा नाही.

पुढच्या हिवाळ्यात वहिनींच्या मणक्याचं दुखणं निघालं. अस्पतालच्या फेऱ्या सुरू झाल्या. जाणं-येणं सायकलरिक्षाने, आणि आमचे रस्ते तुम्ही पाहिलेले नाहीत. प्रत्येक खड्ड्याला त्या पदर दातात धरायच्या. दुखणं कुठवर गेलंय, हे आम्हाला, अगदी मला डॉक्टरलाही, कुणी सांगितलं नव्हतं.

एका रविवारी तो दारात उभा. "चला डॉक्टरसाहेब, गाडी पाहायची आहे."

गाडी तीच. राखाडी अँबॅसिडर अजून वकीलसाहेबांच्या अंगणात उभी होती. या वेळी रुमाल खिशातून निघाला नाही. बॉनेट उघडलं गेलं नाही. त्याने मागचं दार उघडलं, चपला बाहेर काढून ठेवल्या आणि गुडघे पोटाशी घेऊन मागच्या सीटवर चक्क आडवा झाला. "वकील साहब, ज़रा रेलवे क्रॉसिंग तक ले चलिए."

वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. ते चालवायला बसले, मी त्यांच्या शेजारी. क्रॉसिंगच्या रुळांवरून गाडी खडखडत गेली. मागे हा डोळे मिटून पडलेला. "एक बार और," तो म्हणाला. परतताना पुन्हा रूळ आले, तो तसाच पडून राहिला.

अंगणात उतरल्यावर म्हणाला, "आपने जो उस दिन कहा था, वही मुनासिब है."

फाटकाबाहेर येताच माझा तोल गेला. "माझ्या वेळी भंगार, आणि आता मुनासिब?"

"भंगारच आहे," तो शांतपणे म्हणाला. "पण तुम्हाला बसून जायचं होतं, डॉक्टरसाहेब. हिला झोपून जावं लागते."



गाडी दारात आल्यावर तो सुधारला असेल, असं समजू नका. चोकला शिव्या, गिअरला शिव्या, पेट्रोल पिते म्हणून शिव्या. "हळू बोला, ऐकते ती," वहिनी मागच्या सीटवर पडल्या पडल्या म्हणायच्या. गाडी मात्र तो अशी हाकायचा की रिक्षावाले घंटी वाजवत पुढे निघून जायचे.

आंबे यायच्या आधी वहिनी गेल्या. फार गोड बाई होती. तिच्या जाण्याने आमच्या गल्लीतलं हसणंच कमी झालं.

दोनेक वर्षांनी तो रिटायर झाला. नागपूरला परतायचं ठरलं आणि गाडी विकायला काढली. एक ठेकेदार पाहायला आला. चलाख माणूस, बॉनेट उघडलं, टायरांना लाथा घातल्या, मग मीटरकडे वाकून पाहत त्याने विचारलं, "चाचा, कितनी चली है?"

मी कान टवकारले. ही गाडी तो कशी धुऊन काढतो, ते मला ऐकायचं होतं.

तो मागच्या दाराला हात लावून उभा होता. "अस्पताल तक," तो म्हणाला. "झटका एक नहीं दिया इसने."

एवढं बोलून तो आत निघून गेला. इतक्या वर्षांत एखाद्या गाडीबद्दल त्याच्या तोंडून निघालेला तो पहिला चांगला शब्द.

ठेकेदार माझ्याकडे वळला. "दाम क्या होगा, साहब?"

वकीलसाहेबांना याने दिली होती, तीच किंमत मी सांगितली.

"इतनी पुरानी का? मीटर तो देखिए!"

मी खिशातून रुमाल काढला आणि मीटरवर टाकला.