फेटे बांधणारा खांदा

दिल्लीत मराठी मंडळींचा कुठलाही समारंभ असो, आधी प्रमुख पाहुण्यांना फेटा बांधायचा आणि मग त्यांना बोलू द्यायचं, अशी पद्धत आहे. क्रम उलटा केला तर फेटा बांधायची इच्छाच कुणाला उरणार नाही. हे फेटे बाबा बांधायचे. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे उरलेलं हे एकच पद.

त्या थंडीत त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. नोएडातल्या डॉक्टरांनी समजावलं की खांद्याच्या हाडाचं छप्पर आणि खालचा स्नायूबंध यांच्यामध्ये एक पातळ पिशवी असते, बर्सा. तिच्यामुळे हात न घासता वर जातो. ती सुजली होती आणि हात उचलला की चिमटत होती. त्यांनी पिशवीत इंजेक्शन दिलं आणि महिनाभर हात वर न्यायला मनाई केली. "अंकल, दर्द जाएगा, बीमारी नहीं."

बाबांनी मान डोलावली. माझं लग्न दीड महिन्यावर होतं आणि माझा फेटा त्यांना स्वतः बांधायचा होता. लग्नातला त्यांचा हट्ट तेवढाच.

दोन दिवसांत दुखणं पार गेलं. त्याच आठवड्यात पानिपतला काला अंब या मराठ्यांच्या युद्धस्मारकावर कार्यक्रम होता.

"अहो, हात अजून बरा झालेला नाही," आई म्हणाली.

"बिल्कुल दुखत नाही. हे बघ." त्यांनी हात सरळ वर केला.

"पाहुणे बोडके बसले तर पानिपत पुन्हा हरणार आहोत का?" आईने विचारलं.

बाबा हसले आणि निघाले. मीही बरोबर होतो. पाहुण्यांमागून पाहुणे येत राहिले. दुखत नव्हतं, म्हणून बाबा थांबले नाहीत. शेवटच्या फेट्याचा पीळ ओढताना त्यांचा हात एकदम खाली पडला. फोटो झाल्यावर पाहुण्यांनी फेटे खुर्च्यांवर काढून ठेवले.

पिशवीखालचा स्नायूबंध फाटला होता. "दर्द ही तो आपको रोकता था," डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन लग्नानंतर करायचं ठरलं.

लग्नाच्या सकाळी बाबांना हात उचलावा लागू नये म्हणून मी जमिनीवर बसलो. पहिला वेढा बसला. दुसरा आवळायला जोर लागतो, तो हातात नव्हता. कापड माझ्या कानावर सुटून आलं. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा सुटलं. बाहेर बँड वाजू लागला.

"ऊठ आता," ते म्हणाले. "पाय अवघडतील तुझे."

मामाने दुकानातून आणलेला तयार फेटा टोपीसारखा माझ्या डोक्यावर ठेवला. खोलीभर पसरलेलं कापड बाबा डाव्या हाताने गोळा करत राहिले.